नेहाचं लाल कुलूप

रहाटणी,
२ फेब्रुवारी

प्रिय मिनल,
सप्रेम जयभीम.

काल नेहाच्या साडीला इस्त्री करायला बसले आणि कंपनीच्या कॉलनीतली आपली खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. एक इस्त्री, शाळेचे दोन पिनाफोर, आणि आधी कुणाचा यावरून रोजचं भांडण. आई आपल्याला लाकडी पाटावर उभं करायची, पायांत पपांच्या रबरी चपला घालायला लावायची आणि मग इस्त्रीच्या दोन उघड्या तारा भिंतीतल्या भोकांत खुपसून वरून काडेपेटीच्या काड्या ठोकायची. प्लग मोडला होता. तो आणायचा राहिला तो आपली शाळा संपेपर्यंत राहिलाच. चपलांचा जोड एकच, म्हणून तू माझ्या पायावर पाय देऊन उभी राहायचीस. सिस्टर प्रार्थनेच्या रांगेत आपल्या घड्यांचं कौतुक करायच्या. त्यांना काय ठाऊक, त्या घड्या कशा पडत होत्या.

मी हे हसत हसत नेहाला सांगितलं. ती काही हसली नाही. पाट आणि चपला ठीक होत्या, पण काड्या ठोकणाऱ्या आजीला आपण कामावर उभं केलं नसतं, असं म्हणाली. मग माझ्या इस्त्रीचा प्लग काढून वायर बोटांतून फिरवली आणि जिथे वरचं कापड विरलं होतं तिथे येऊन थांबली. इस्त्री दुकानात गेली. साडी चुरगळलेलीच आहे. तू लेकीला माझ्याकडे राहायला पाठवलंस, मला वाटलं सोबत झाली. ही तर तपासणी अधिकारी निघाली.

आता कामाचं. फोनवर बोलता येत नाही, कारण ती शेजारीच बसलेली असते, आणि तुझा आवाज फोनबाहेर गॅलरीपर्यंत ऐकू जातो. महाळुंग्याच्या तिच्या कंपनीने तिला ऑफिसातली जागा देऊ केली आहे. खुर्ची, टेबल, गार हवा, जनरल शिफ्ट. आत्ता ती मेंटेनन्सला आहे, म्हणजे मशीन बंद पडलं की विजेचं कपाट उघडून आत हात घालणारी. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. तिचा कल नाहीकडे दिसतो. मला विचारशील तर हो म्हणावं. शिफ्टची बस यायला उशीर झाला की मी गॅलरीतून हलत नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

दुसरी बातमी गोड आहे. मारुंजीचं स्थळ शनिवारी पाहायला येतं आहे. मुलगा धम्मरत्न, आयटीत. वडील भीमराज भोसरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, आई विजयश्री. पोहे मी करीन. बबनरावांना जयभीम, तुझ्या लेकाला, आयुषला, माझा एक धपाटा.

लोभाला कधी सुट्टी नसते, हे ध्यानात ठेवून लगेच लिही.

तुझी,
कस्तुराताई


लातूर,
५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी ज्वारी निवडत होते. पिनाफोरचं वाचून इतकी हसले की ह्यांनी आतून विचारलं, कुणाचं लग्न ठरलं. म्हटलं, ठरेल, तोंडात साखर पडो तुमच्या. आणि एक दुरुस्ती कर. मी तुझ्या पायावर पाय द्यायचे ते चपलेसाठी नाही, तुझी उंची कमी करण्यासाठी.

ताई, ती खुर्ची नेहाला घ्यायला लावच. तू मोठी आहेस, तुझा शब्द ती मोडत नाही. माझा तर ती रोज मोडते. तुला शेजारच्या वहिनींचं सांगितलं नव्हतं, उगाच घोर नको म्हणून. गेल्या उन्हाळ्यात त्या कूलरमध्ये पाणी भरत होत्या. कूलर चालू, हात ओले, पायांखाली पाणी, आणि हात पत्र्याला लागला. लागला तो सुटेना. सुनेला सुचलं म्हणून तिने धावत जाऊन बटण बंद केलं. वहिनी वाचल्या, त्यांच्या तळहाताचा डाग मात्र अजून आहे. मी तेव्हा भिंतीपलीकडून ती किंकाळी ऐकली होती. घरातला एक पत्र्याचा कूलर असा, तर कंपनीतलं कपाट कसं असेल? ह्या विचाराने मी पोळी लाटता लाटता थांबते. हे म्हणतात, ती शिकलेली आहे, तिला कळतं. विजेला कुठे कळतं कोण शिकलेलं आहे ते?

आणि शनिवारी त्या लोकांपुढे कपाटबिपाट काढू नकोस. कंपनीत इंजिनीअर आहे, एवढं पुरे. तिला जांभळी साडी नेसव. केस नीट बांधायला सांग, हेल्मेट घालून घालून तिने त्यांची दशा केली आहे. पोह्यांत तू मीठ विसरतेस, तेवढं चाखून बघ.

इकडची माया तिकडे पोचली असं समज, आणि तिकडची पाठवायला विसरू नकोस.

तुझीच,
मिनल


रहाटणी,
९ फेब्रुवारी

प्रिय मिनल,
सप्रेम जयभीम.

आधी बसून घे. पाणी पी. सगळं चांगलं आहे, फक्त तू सांगितलंस तसं काहीच झालं नाही. मीठ तेवढं घातलं होतं.

काल नेहाची पहिली, म्हणजे सकाळची शिफ्ट होती. रजा घे म्हटलं तर मोठं काम निघालंय म्हणाली. दुपारी बसमधून उतरली ती धावतच आली, तोंड धुतलं, जांभळी साडी नेसली. पाहुणे आले. धम्मरत्न उंच, चष्मा, बोलायला लाजरा. विजयश्रीबाई शांत, सगळं बघून घेणाऱ्या. भीमराज आल्या आल्या माझ्या घराचे दरवाजे आणि खिडक्या मोजत बसले, मला वाटलं आता हुंड्याचं काढतात की काय. पण जिथे जाईल तिथे बाहेर पडायच्या वाटा आधी मोजायच्या, हा त्या माणसाचा कारखान्यापासूनचा स्वभावच आहे.

नेहा पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि आत तिचा फोन वाजला. वाजतच राहिला. मी उचलला. तिच्या कंपनीतले साहेब. म्हणाले, नेहा मॅडमचं कुलूप मशीनवर राहिलंय.

तुला हे समजावून सांगते, मला तिने समजावलं तसं. मशीनच्या तारांचं काम करायचं असेल तर आधी त्याची वीज तोडतात, आणि जो माणूस काम करणार तो त्या स्विचला स्वतःचं लाल कुलूप घालतो. त्यावर त्याचा फोटो आणि नाव. किल्ली त्याच्याच खिशात. चौघे काम करत असतील तर चार कुलपं. शेवटचं निघाल्याशिवाय ती वीज कोणी चालू करूच शकत नाही, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. नेहाचं काम झालं होतं, बाकीच्यांची कुलपं निघाली होती, आणि ही पाहुण्यांच्या गडबडीत किल्ली खिशात घालून रहाटणीला आली. तिकडे दुसरी शिफ्ट येऊन उभी, लाइन बंद.

नेहाचा चेहरा उतरला. ट्रे हातात तसाच. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोलू नकोस, बोलू नकोस. पण ही तुझी मुलगी. तिने सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं की आपली चूक झाली आहे आणि आपल्याला आत्ताच महाळुंग्याला जावं लागेल. धम्मरत्नने बिचाऱ्याने विचारलं, कुणाकडून तोडून घेता येणार नाही का. ती म्हणाली, येतं, पण त्याआधी मी आत नाही याची हमी कुणीतरी स्वतःच्या अंगावर घ्यायची, ती मी कुणाला का घ्यायला लावू?

मी मनात म्हटलं, झालं, गेलं स्थळ.

भीमराजांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वेळी कुलूप नव्हतं. एक लाकडी पाटी होती, ‘माणूस काम करत आहे’ लिहिलेली, ती स्विचला अडकवायची. त्यांचा जोडीदार चिमाजी एकदा आत वायरी जोडत होता. कुणीतरी चहाची किटली अडकवायला खिळा हवा म्हणून ती पाटी काढली आणि खिडकीत ठेवली. पाटी नाही म्हणजे काम झालं, असं समजून दुसऱ्याने स्विच ओढला. चिमाजी जगला. पण त्यानंतर त्याने उजव्या हाताने कधी घास उचलला नाही. त्याला डब्यातली भाकरी मोडून द्यायचं काम रिटायर होईपर्यंत भीमराजांनी केलं. हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, पण विजयश्रीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग ते उठले आणि म्हणाले, “पोरी, ऊठ. पोहे डब्यात भर.”

आम्ही सगळे धम्मरत्नच्या गाडीतून निघालो. तळवड्याच्या चौकात गर्दीत अडकलो तेव्हा विजयश्रीबाईंनी नेहाला स्वयंपाकाचं विचारून घेतलं, म्हणजे कार्यक्रम रीतसर चालूच होता. कंपनीच्या गेटवर आम्हांला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं. नेहाने पदर खोचला, साडीवर कोट, डोक्यावर हेल्मेट, पायांत ते जाड बूट. अशी ती आत चालत गेली. मिनल, धम्मरत्न खिडकीतून बघत होता. तेव्हाच मला कळलं की हे ठरलं.

थोड्या वेळाने आतून भोंगा झाला आणि मशीनचा आवाज सुरू झाला. साहेब स्वतः गेटवर आले. म्हणाले, पूर्ण शिफ्ट खोळंबली होती, पण कुलपाला एकानेही हात लावला नाही. नेहाला मात्र सोमवारी सगळ्यांपुढे उभं राहून आपण कसं विसरलो ते सांगायचं आहे, तीच तिथली शिक्षा. गेटवरच्या वॉचमननी पोहे खाल्ले. त्यांच्या मते लिंबू हवं होतं.

परतताना धम्मरत्नने हळूच तिला विचारलं, लॅपटॉपच्या चार्जरला पट्टी चिकटवून वापरलं तर चालतं का. तिने एक नजर टाकली. भीमराज पुढच्या सीटवर इतके हसले की गाडी हलली. साखरपुडा २३ तारखेला, माझ्याच घरी, गच्चीवर. तुम्ही सगळे आधी या.

खुर्चीचं तिने अजून कळवलेलं नाही. माझं मन थोडं डळमळलं आहे, हे तुला आधीच सांगून ठेवते.

पोहे संपले, लोभ शिल्लक आहे. तो घ्यायला ये.

तुझी,
ताई


लातूर,
१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम.

मी हसू का रडू, असं विचारलं तर हे म्हणाले, दोन्ही कर, वेळ आहे. पाहायला आलेल्या पाहुण्यांना मुलीने हेल्मेट घालून दाखवलं असं आमच्या खानदानात कुणी ऐकलेलं नाही. आयुष तर गल्लीभर सांगत सुटलाय. व्याही चांगले मिळाले, हे मी मान्य करते.

पण ताई, तुझं मन डळमळलं ते मला आवडलं नाही. त्या चिमाजींची गोष्ट तू मला धीर यावा म्हणून लिहिलीस की झोप उडावी म्हणून? भीमराज तिचं कौतुक करतील, धम्मरत्न खिडकीतून बघेल, पण नऊ महिने तिला मी वाहिलंय. कुलूप असो की आणखी काही, जिथे कुलपाची गरज पडते तिथे माझी मुलगी कशाला? साखरपुड्याला येते तेव्हा मी स्वतः तिच्याशी बोलणार आहे. तू मध्ये बोलू नकोस. तू लाडावून ठेवली आहेस तिला.

चटणीसाठी खोबरं इकडून आणते. तुझ्या दुकानदाराचं खवट असतं. लाडू मी करते, आयुषला मांडवाच्या लायटिंगची हौस आहे, त्याला ते काम दे.

रागावले असले तरी तुझीच आहे, हे राग जाईपर्यंत लक्षात ठेव.

मिनल


रहाटणी,
२५ फेब्रुवारी

प्रिय मिनल,
सप्रेम जयभीम.

घर अजून मोगऱ्याने घमघमतं आहे आणि गच्चीवर मांडववाल्या कोंडीरामची पिशवी राहिली आहे. साखरपुडा कसा देखणा झाला. बबनरावांनी त्रिशरण म्हणताना आवाज लावला तेव्हा भीमराजांचे डोळे भरले. तुझे लाडू संपले. अंगठी घालताना धम्मरत्नने चुकीचं बोट धरलं आणि नेहाने बरोबरचं पुढे केलं, हे सगळ्यांनी पाहिलं.

मी हे पत्र मात्र एका गोष्टीसाठी लिहिते आहे. तू आल्यापासून नेहाशी बोलायचं म्हणत होतीस, आणि बोललीच नाहीस. सकाळी गच्चीवर मांडवाचं चाललं होतं. त्याआधी नेहाचं आणि मांडववाल्या कोंडीरामचं वाजलं होतं, ते तुला कळलं का? तो नेहमीप्रमाणे रस्त्याच्या खांबावर आकडा टाकून वीज घेणार होता, मांडवाचे खांब लोखंडी, शिडीही लोखंडी. नेहाने आकडा टाकू दिला नाही, शिडी लाकडाची आणायला लावली. तो चिडला. आमी जल्मभर असंच करतोय, कुनाला काय बी झालेलं न्हाई, असं म्हणाला. नेहा म्हणाली, मामा, ज्याला झालं तो सांगायला कसा येणार? तेव्हा तो शिडी आणायला गेला. जाताना पुटपुटला की पोरगी म्हातारीसारखी बोलते.

मग मांडवाला घरातूनच वीज द्यायची ठरली, आणि तारा जोडेपर्यंत घरातली वीज बंद केली. तू नुकतीच आंघोळ करून आली होतीस. मिक्सर चालेना म्हणून चिडून खाली जिन्याखालच्या मीटरकडे गेलीस. मी नारळ खवत होते. तू परत आलीस आणि मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलंस. कोपऱ्यातला पाटा-वरवंटा ओढलास आणि एवढी सगळी चटणी हाताने वाटलीस. मी विचारलं तर म्हणालीस, पाट्यावरची चव वेगळी. खोटं बोलताना तू अजून शाळेतल्यासारखी कान खाजवतेस.

काय झालं, ते मला लिही. कारण नेहाने काल रात्रीच्या जेवणावर सांगून टाकलं की तिला लाइनवरच राहायचं आहे, पण आई नको म्हणाली तर ती खुर्ची घेईल, आणि पुन्हा तो विषय काढणार नाही. कंपनीने उत्तराला सोमवारपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. म्हणजे चेंडू तुझ्या अंगणात आहे, मिनल. मी तू सांगितल्याप्रमाणे मध्ये बोललेले नाही. फार जड गेलं.

बबनरावांच्या खोकल्याला ज्येष्ठमध दे.

माया पाठवते आहे, पोच कळव.

तुझी,
ताई


लातूर,
२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम.

कान खाजवण्याचं तू ह्यांना सांगू नकोस, माझी सगळी गुपितं जातील.

सांगते. मिक्सर बंद, पंखा बंद, पाहुणे यायला थोडा वेळ, आणि वाटी वाटी खोबरं पडलेलं. मला वाटलं लाइट गेली किंवा मेन पडला. आपल्याकडे मेन पडला की वर ढकलायचा, एवढंच मला माहीत. आमच्या घरी मीच ढकलते. जिन्याखाली गेले. तुझ्या त्या जुन्या लोखंडी मेन स्विचचा दांडा खाली होता, त्याच्या कडीत सायकलची साखळी अडकवलेली, आणि साखळीला तीन कुलपं. एक नवीन लाल. एक कोंडीरामच्या गोदामाचं असावं, नारळाएवढं. आणि तिसरं पितळी, छोटं, पिवळा दोरा बांधलेलं.

ताई, ते माझ्या बॅगेचं कुलूप होतं. आयुषने माझ्या बॅगेचं काढून तिथे घातलं होतं. नेहाने प्रत्येकाला स्वतःचं आणायला लावलं असणार, आणि त्याच्याकडे दुसरं नव्हतं.

माझा हात दांड्यापर्यंत गेलेला होता. तो दोरा दिसला तसा तिथेच राहिला. मी जिने चढून गच्चीवर गेले. आयुष शिडीवर उभा होता, दोन्ही हातांत तारा, आणि एक दातांत धरून सोलत होता. नेहा खाली उभी राहून त्याला दातांनी सोलण्यावरून रागावत होती. तो हसत होता. मी त्यांना दिसले नाही. तशीच परत आले आणि पाटा ओढला. त्या दिवशी ती कुलपं नसती तर चटणी मिक्सरवर झाली असती, ताई. पुढचं मी लिहीत नाही.

मी तिला सांगणार होते की असल्या कामात माझी मुलगी कशाला. आता मला उलटं वाटतं. असल्या कामात माझी मुलगी आहे म्हणून कुणाच्या तरी घरी मुलगा जेवायला येतो. भीती गेली नाही. ती जाणारही नाही, मी आई आहे. पण तिची बस यायला उशीर झाला की आता तू गॅलरीत आणि मी इथे, दोघी मिळून वाट बघू. नेहाला सांग, खुर्ची नको म्हणून कळव. माझ्या तोंडाने सांग, आणि जरा प्रेमाने सांग, माझ्या पद्धतीने नको.

हेही हलले आहेत. परवा कूलर उन्हाळ्यासाठी बाहेर काढला तर प्लग हातात घेऊन तासभर त्याच्याशी बोलत बसले. तिसरी पिन का असते, ते मला समजावलं. शेवटी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, ते नीट नव्हतंच. आयुषने सोलायची पकड विकत घेतली आहे आणि ती सगळ्यांना दाखवतो, जणू पदक मिळालं.

आता लग्नाचं. उन्हाळा कडक व्हायच्या आत उरकायचं, आणि देण्याघेण्याचं मी आजच लिहून ठेवते, नंतर घाईत गोंधळ नको.

तुझा तो मिक्सर, ज्याला हात लावला की मुंग्या येतात आणि जे तू नेहापासून लपवून ठेवलंस, तो कुणालाही द्यायचा नाही. कामवाल्या मावशींनाही नाही, त्यांनी मागितला तरी नाही. वायर कापून भंगारात घाल. मावशींना नवीन माझ्याकडून. लग्नात फ्रेम, घड्याळं, असला आहेर घ्यायचा नाही असं हे म्हणतात. त्याऐवजी तुझ्या घरात, शॉक बसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो तो स्विच बसवायचा, तो ह्यांच्याकडून तुला. तसाच एक मारुंजीला व्याह्यांकडे. नेहा ठरवेल कोणता आणि कुणी बसवायचा. लाडवांचा मोठा डबा येतोय, त्यातला अर्धा कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनना पाठव, सोबत लिंबं. कोंडीरामच्या बायकोला हिरवं लुगडं, आणि तो येईल तेव्हा त्याची पिशवी. चिमाजी काकांना लग्नाचं पहिलं निमंत्रण, भीमराजांनी स्वतः जाऊन, आणि सोबत माझ्याकडचा लोकरीचा शेला.

आईच्या पाटल्या नेहाला. तू मोठी, तुझा हक्क पहिला, पण त्या नेहालाच द्यायच्या, असं तू मला मागेच सांगून ठेवलं आहेस.

आणि एक. विजयश्रीबाईंनी मला फोन करून हळूच विचारलं की मुलगी कामावर मंगळसूत्र कसं घालणार, तिथे अंगावर धातू चालत नाही म्हणे. त्यांना संकोच वाटत होता. मी म्हटलं, चालत नाही तर नाही घालणार. तेव्हा असं करायचं. सणावाराला, घरात, लग्नकार्यात नेहाने घालावं. शिफ्टला निघताना पाटल्या आणि मंगळसूत्र दोन्ही काढून विजयश्रीबाईंच्या हातात द्यायचं, आणि घरी आल्यावर त्यांनीच तिच्या हातात परत द्यायचं. कपाटात ठेवायचं नाही, हातातून हातात, म्हणजे ती परत आल्याचं रोज कुणीतरी डोळ्यांनी पाहील. त्यांना मी तसं कळवलं आहे आणि त्या हो म्हणाल्या आहेत.

तुझीच,
मिनल